कूपे की ब्रेकव्हॅनमधील पेटी?

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला लॅब्रॅडॉर न्यायचा, तर दोनच मार्ग उरतात. स्लीपर वा थ्री टियरमध्ये कुत्र्याला प्रवेश नाही. वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांचा अख्खा कूपे आपल्याकडे असावा लागतो, म्हणून दोन्ही तिकिटांचा खर्च सोसूनही आरक्षण तक्ता लागेपर्यंत कूपेच मिळेल की चार शायिकांचा कक्ष, ही धाकधूक संपत नाही. ब्रेकव्हॅनमधील, म्हणजे गार्डच्या डब्यातील, कुत्र्यांसाठीची पेटी पुष्कळ स्वस्त. परंतु तिच्यात मोठ्या कुत्र्याला अंग वळवणेही कठीण, आणि पाणी पाजायला गाडी थांबताच मालकालाच फलाटावरून धावावे लागते. आमचा मोती त्या पेटीतून एकदाच गेला. उतरला तेव्हा त्याचे पंजे थरथरत होते, त्यामुळे माझे मत कूपेकडे झुकते, हे उघड आहे. पार्सल कार्यालयातील नोंदणी आणि लसीकरणाचा दाखला मात्र दोन्हीकडे सारखाच.