प्रागच्या चौकात आमचे 200 युरो गेले, ते असे

प्रागच्या जुन्या चौकात दर तासाला झुंबड उडते. तिथलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ ठोके देऊ लागलं की वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती सरकताना दिसतात. आम्हीही डोळे भरून पाहिलं. गर्दी पांगली आणि आम्ही दोघं जवळच्याच मनी एक्स्चेंजबाहेर भाव वाचत थांबलो.

चेकियाचं चलन कोरुना. बाजारात एका युरोला साधारण 25 मिळत होते, पाटीवर 19. आमची कुरकुर ऐकून एक नीटनेटका माणूस जवळ आला. "आत लुटतात. मला युरो हवेच आहेत, 26 देतो," तो इंग्रजीत म्हणाला. मोबाइलवर हिशोबही करून दाखवला, 200 युरोचे 5200. ह्यांनी आधी त्याच्या नोटा मोजल्या, मगच आपले युरो दिले. वर 200ची एक, खाली हजाराच्या पाच. "पोलीस येतायत, लवकर आत ठेवा," म्हणत तो गल्लीत शिरला.

चार्ल्स पुलाजवळच्या बेकरीत मुलीने हजाराची नोट पाहिली आणि मान हलवली. पाचही नोटा बेलारूसच्या जुन्या रूबलच्या होत्या, 2016च्या चलनबदलात बाद झालेल्या. वरची 200ची तेवढी खरी. माझे हातपाय गार पडले.

हे अजून स्वतःला दोष देतात. पण त्यांनी मोजण्यात हयगय केली नव्हती. कोरुना दिसतो कसा, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं आणि तो माणूस नेमका त्यावरच जगतो. म्हणून निघण्याआधी नोटांचे फोटो बघून ठेवा. हजाराची चेक नोट जांभळी असते, तिच्यावर इतिहासकार पालात्स्कींचं चित्र असतं आणि सगळा मजकूर रोमन लिपीत. आमच्या नोटांवरची अक्षरं रशियन वळणाची होती. दोन सेकंद वाचलं असतं तर कळलं असतं.

रस्त्यावर कुणाशीही पैसे बदलू नका, भाव कितीही चांगला असो. एटीएममधून काढताना मशीन "तुमच्या चलनात आकारू का?" असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा, कोरुनाच निवडा. आणि परवानाधारक दुकानात वाईट भावाने बदलून बसलात, तर एप्रिल 2019पासून तिथे कायदा आहे: 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. पावती मात्र जपून ठेवा. रस्त्यावरच्या व्यवहाराला ना पावती, ना हे संरक्षण.

पोलिसांचा नंबर 158. आम्ही तक्रार नोंदवली, पाचही नोटा दाखवल्या. पैसे परत आले नाहीत. तरी त्या माणसाचं वर्णन तिथे लिहून राहिलं, यासाठी मी ह्यांना हट्टाने घेऊन गेले होते.