फोर्थ डॅनच्या कागदासाठी मी मोजलेले ८८,४०० रुपये

तायक्वांदोचा वर्ग चालवणाऱ्यांनी हे वाचावे, एवढ्यासाठी लाज बाजूला ठेवून लिहीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःला राष्ट्रीय संघटनेचा पदाधिकारी म्हणवणाऱ्या एका गृहस्थाने मला सांगितले की, ज्या वर्गाचा मुख्य प्रशिक्षक फोर्थ डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या चौथ्या श्रेणीचा, असेल त्याच वर्गाच्या प्रवेशिका यापुढे राज्य निवड स्पर्धेत घेतल्या जातील. मी सेकंड डॅन. तोडगाही त्याच्याकडे तयार होता: संलग्नता ११,००० रुपये, प्रशिक्षक शिबिर ६,०००, सेऊलच्या कुक्कीवॉनचे (तायक्वांदोचे जागतिक मुख्यालय) फोर्थ डॅन प्रमाणपत्र ३८,५०० आणि १४ मुलांच्या प्रवेशिका प्रत्येकी २,३५० प्रमाणे ३२,९००. एकूण ८८,४०० रुपये, आणि तेही त्याच्या पत्नीच्या बचत खात्यात. संघटनेचे शुल्क घरच्या खात्यात मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बाकी सारे मी स्वतःला माफ करीन, पण अर्ज भरतानाचा तो क्षण नाही. ‘मागील डॅनची तारीख’ या रकान्यात मी २०२१ लिहू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, तेवढे कोरे सोडा, आम्ही बघून घेतो.” सेकंडवरून थर्डला दोन वर्षे आणि थर्डवरून फोर्थला तीन वर्षे थांबावे लागते, हे मीच मुलांकडून पाठ करून घेतो, म्हणजे सगळे नियमाने झाले असते तरी २०२६ पूर्वी मला फोर्थ डॅन मिळणे शक्य नव्हते. तरीही मी रकाना कोरा सोडला.

मी अगदीच भाबडा होतो असे नाही. ब्लॅक बेल्टसाठी कुक्कीवॉनकडे शिफारस करणारा फोर्थ डॅन किंवा त्यावरचा असावा लागतो, हे खरेच आहे, आणि त्याने त्याच खऱ्या नियमाला स्पर्धेचे शेपूट जोडले होते. शिवाय संघटनांच्या भांडणांत पत्रावरचे नाव आणि शिक्का इतक्यांदा बदलताना पाहिले होते की, आणखी एक नवा नियम आला यात मला नवल वाटले नाही. दहावीच्या क्रीडागुणांसाठी पालकांचा तगादा होता तो वेगळाच.

स्पर्धेच्या ठिकाणी वजनाच्या रांगेत कळले की, आमच्या एकाही मुलाचे नाव यादीत नाही आणि असा नियमही नाही. तिथल्या पंचांनी माझा प्रमाणपत्र क्रमांक कुक्कीवॉनच्या संकेतस्थळावर टाकला; काहीच नोंद निघाली नाही. ही तपासणी कोणालाही घरबसल्या करता येते. मी केली नव्हती.

पुढे पोलीस ठाण्यात “प्रमाणपत्र हातात आहे ना, मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे,” असे ऐकवण्यात आले, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख केल्यावर “वकील आहात का?” अशी विचारणा झाली, क्रीडा कार्यालयाने संघटना स्वायत्त असल्याचे सांगून हात झटकले, आणि ज्या संघटनेचे नाव त्याने वापरले होते तिने, हा माणूस आमचा नाही, तुम्ही पोलिसांकडे जा, असे दोन ओळींत कळवले. चार महिने मी हेच रिंगण घालत आहे. तक्रारीची पोच तेवढी शिक्क्यासह लेखी घ्या. माझ्याकडे पहिल्या अर्जाची पोच नाही आणि तो अर्ज आता कोणालाच आठवत नाही.

नऊ मुलांचे २१,१५० रुपये मी माझ्या खिशातून परत केले आहेत. पाच मुलांचे ११,७५० अजून द्यायचे आहेत.