लंग कॅन्सर नर्स हेल्पलाइन: बरेच महिने वापरल्यावर

आधी तक्रार, कारण डोकं त्यावरच फिरलंय. माझ्या बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, या हेल्पलाइनचा फोन 'प्रायव्हेट नंबर' म्हणून येतो आणि बाबा असले फोन उचलतच नाहीत, फसवणुकीच्या भीतीने आम्हीच त्यांना तसं बजावून ठेवलंय. मागच्या आठवड्यात हेल्पलाइनच्या नर्सचा, म्हणजे आमच्या सिस्टरचा फोन असाच वाया गेला, उलट फोन करावा तर लाइन बिझी, आणि वर मेसेज की 'आम्ही संपर्काचा प्रयत्न केला होता'. ज्या माणसाला दोन वाक्यं बोलली की धाप लागते तो फोनपर्यंत पोचेस्तोवर रिंग बंद होते हो! मी लेखी तक्रार केली तर उत्तर आलं की काही पेशंटनी घरात आजार सांगितलेला नसतो म्हणून नंबर लपवतात. कारण पटलं, पण ज्यांची हरकत नाही त्यांना तरी नंबर दिसू द्या, नाहीतर फोनची वेळ सांगा. एक स्टार फक्त याचाच कापलाय.

सेवा म्हणजे लंग कॅन्सरच्या पेशंटशी आणि घरच्यांशी नर्स फोनवर बोलते, समजावून सांगते, पण औषध लिहून देत नाही, उपचार ठरवत नाही. सुरुवातीला प्रत्येक गोष्टीला 'हे डॉक्टरांना विचारा' ऐकून मी वैतागायचे, मग तुम्हाला फोन कशाला करायचा? मत बदललं बायोप्सीनंतर. डॉक्टर म्हणाले जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू, आणि आम्ही घरी तडफडतोय की स्टेज फोर, म्हणजे कॅन्सर पसरलेला असताना थांबायचं कसलं. सिस्टरने समजावलं की ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांमध्ये बदल सापडला तर गोळ्यांवर उपचार होऊ शकतात, आणि आधी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देऊन लगेच काही गोळ्या सुरू केल्या तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. मग म्हणाली, कागद घ्या, आणि प्रश्न लिहून दिले: पीडी-एल1 (इम्युनोथेरपी किती लागू पडेल याचा अंदाज देणारं प्रथिन) किती आलं, मेंदूचा एमआरआय झाला का, या उपचारातून आपण नक्की काय साधायचं म्हणतोय. तो कागद नसता तर डॉक्टरांसमोर आम्ही नुसत्या माना हलवून परत आलो असतो.

बदल सापडला नाही, केमो आणि इम्युनो एकत्र सुरू झालं. केमोत पेमेट्रेक्सेड हे औषध असल्यामुळे, त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अ‍ॅसिड रोज, बी12चं इंजेक्शन दर 9 आठवड्यांनी, आणि केमोच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड. स्टेरॉइडने बाबा रात्रभर टक्क जागे. सिस्टरने पहिलं विचारलं, स्टेरॉइडचा दुसरा डोस किती वाजता घेता काका? रात्री म्हटल्यावर म्हणाली, दुपारी चालेल का ते डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, त्या खेपेपासून झोप लागायला लागली.

एक गोष्ट तिने पाठच करून घेतली, केमो चालू असताना ताप 38 अंश सेल्सिअस झाला तर घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसायचं नाही, तिच्या फोनचीही वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. आणि इम्युनोवर नवा खोकला, वाढलेली धाप, जुलाब काहीही झालं तरी हॉस्पिटलच्या टीमला त्याच दिवशी कळवायचं, उपचार थांबून काही महिने झाले असले तरी.

आता सिस्टरने सांगितलेला पंखा. छोटा, हातात धरायचा, बॅटरीवरचा. धाप लागली की पुढे झुकून कोपर टेबलावर टेकायचे, खांदे सैल सोडायचे, पंखा तोंडापासून वीतभर लांब धरून वरच्या ओठावर आणि नाकाच्या बाजूंवर वारं घ्यायचं, आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. मला वाटलं छतावरचा पंखा आहेच की, वेगळा पैसा कशाला. पण चेहऱ्यावर थेट लागणारी गार हवा धापेची जाणीवच कमी करते म्हणे, आणि खरंच करते, बाबा आता पंखा खिशात घेऊनच बाथरूमला जातात. एवढ्या महागड्या उपचारांत जो तो फक्त स्कॅनबद्दल बोलत होता, श्वास कसा घ्यायचा हे शिकवलं या एकीनेच.

बाबा पूर्वी सिगारेट ओढायचे, त्यामुळे जो येईल तो तेच उकरून काढतो. सिस्टरने पहिल्या फोनवर एवढंच विचारलं की आता ओढता का, आणि सांगितलं की निदानानंतर सोडली तरी उपचाराला मदत होते. दोष देणारं एक अक्षर नाही. मी यासाठीच तिची ऋणी आहे.

मध्यंतरी तिने पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) टीमला भेटायला सुचवलं तेव्हा आई रडायलाच लागली, म्हणजे आता हात टेकले का यांनी. तर नाही. उपचार चालूच राहतात, दुखणं, धाप, झोप, भूक यांच्याकडे वेगळी टीम बघते. पुढारलेल्या लंग कॅन्सरच्या 151 पेशंटचा 2010 मध्ये छापून आलेला बोस्टनचा अभ्यास तिने सांगितला, ज्यांना ही मदत सुरुवातीपासून मिळाली त्यांचं रोजचं जगणं सुधारलं, आयुष्यही थोडं जास्त मिळालं. आईला आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं, 'केमो बंद करणार नाहीत ना' एवढंच तिने तीनतीनदा विचारलं आणि सिस्टरने तीनही वेळा न कंटाळता उत्तर दिलं.

त्या टीमची पहिली भेट पुढच्या आठवड्यात आहे, ती झाली की इथेच खाली लिहीन.