तलवार, पंजे की दोन्ही? पाथफाइंडरमध्ये हाफ-ऑर्क घेणाऱ्यांसाठी

रविवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून वाशीच्या टेबलावर येणारा नवा खेळाडू हाफ-ऑर्क बार्बेरियन (अर्धा ऑर्क वंशाचा रानटी योद्धा) बनवत असेल, तर एक प्रश्न हमखास विचारतो: चावायला सुळे आहेत, रेजमध्ये (लढाईतल्या संतापात) पंजेही फुटतात, मग तलवार कशाला? पाथफाइंडर हा टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा भूमिका-खेळ; हा आढावा त्याच्या पहिल्या, म्हणजे २००९ साली आलेल्या आवृत्तीचा आहे.

नुसते पंजे आणि चावा वापरलात तर तिन्ही हल्ले पूर्ण बोनसने (फाशात मिळवायच्या आकड्याने) होतात आणि प्रत्येकाला पूर्ण स्ट्रेंग्थ (ताकदीचा बोनस) मिळते. मात्र त्याच टर्नमध्ये शस्त्रही चालवलंत, की सगळे नैसर्गिक हल्ले (पंजे, चावा) दुय्यम ठरतात: फाशाच्या रोलवर उणे ५ आणि डॅमेजमध्ये (होणाऱ्या इजेत) निम्मी स्ट्रेंग्थ. शिवाय ज्या हातात शस्त्र आहे, त्या हाताचा पंजा मिळत नाही.

आता हिशोब. स्ट्रेंग्थ १८, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १८. रेजचा बोनस आणि क्रिटिकल (जास्त डॅमेजचे खास वार) बाजूला ठेवू. पाचव्या लेव्हलला ग्रेटस्वॉर्डचा (दोन हातांनी धरायच्या तलवारीचा) एकच वार, सरासरी ७.८ डॅमेज. सोबत चावा घेतला तर ९.४. दोन पंजे आणि चावा मिळून १२.९. एका हातात लाँगस्वॉर्ड, दुसरा पंजा आणि चावा हे दिसायला सगळ्यात भारी वाटतं, पण भरतं जेमतेम ८.६. हा मेळ घेऊ नका.

सहाव्या लेव्हलला चित्र पालटतं, कारण तलवारीला दुसरा वार मिळतो आणि नैसर्गिक हल्ल्यांची संख्या बोनस वाढला म्हणून वाढत नाही. ग्रेटस्वॉर्ड १३.७, पंजे आणि चावा १४, ग्रेटस्वॉर्ड आणि चावा १५.५. समोरच्याचा एसी २२ असेल तर मात्र पंजे पुन्हा किंचित पुढे जातात, कारण तलवारीचा दुसरा वार क्वचितच लागतो. उलट डॅमेज रिडक्शन (प्रत्येक वारातून ठरावीक डॅमेज कापणारं संरक्षण) असलेल्या राक्षसापुढे पंज्यांचे छोटे वार गिळले जातात.

म्हणून आधी तुमचा खेळ कुठवर जाणार ते बघा. मेगाब्लॉक, परीक्षा, ऑफिस यांत आमच्याकडच्या बऱ्याच मोहिमा पाचव्या-सहाव्या लेव्हलला थांबतात. तिथवरच खेळणार असाल तर माझं मत पंज्यांना. लांब जायचं असेल तर ग्रेटस्वॉर्ड आणि चावा घ्या. पुढे मल्टिअटॅक फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) जमली तर उणे ५ चे उणे २ होतात. पंज्यांना जादू लावणं महाग पडतं, त्यासाठीचा ताईत तलवारीवरच्या जादूच्या दुप्पट किमतीचा. पण दरबारात शस्त्रं काढून घेतली तरी पंजे तुमच्याकडेच राहतात.

दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) ही कटकटच नाही: प्रत्येक हल्ल्याला एक अ‍ॅक्शन, तलवारीनंतर पंजा खुशाल मारा.

एक गोष्ट नवखे विसरतात. पाच फुटांपेक्षा जास्त चाललात की एकच हल्ला मिळतो, आणि एकाच हल्ल्यात ग्रेटस्वॉर्ड पंज्यापेक्षा कितीतरी भारी: लागला तर १३, पंजा लागला तर ७.५. म्हणून पाचव्या लेव्हलपर्यंत धावून जाताना तलवार चालवा आणि पुढच्या टर्नला ती खाली टाका. टाकायला फ्री अ‍ॅक्शन पुरते, आणि लगेच तिन्ही नैसर्गिक हल्ले पूर्ण बोनसने सुरू होतात.