चक्रीवादळासाठी पॉवर स्टेशन: एका युनिटात घर किती चालतं?

वादळानंतर वीज चार-पाच दिवस येणार नसेल, तर हजार वॉट-अवरचं, म्हणजे एका युनिटाचं पोर्टेबल पॉवर स्टेशन (उचलून नेता येणारी, सॉकेट असलेली मोठी बॅटरी) घ्यावं का? घ्यावं, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचंच घ्यावं. धूर नाही, त्यामुळे घरात ठेवता येतं. जनरेटर मात्र बाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांबच चालवावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गीझर, इंडक्शन शेगडी, एअर कंडिशनर यांची आशा एवढ्याशा यंत्राकडून धरू नये.

खोक्यावरच्या हजार वॉट-अवरमधले एसी सॉकेटमधून साधारण 850 मिळतात (इथे एसी म्हणजे घरातल्या प्लगसारखी वीज, एअर कंडिशनर नव्हे). शिवाय एसीचं बटण नुसतं चालू राहिलं, तरी बॅटरीची डीसी वीज एसी करणारा आतला इन्व्हर्टर 10 ते 20 वॉट खातो. 15 धरले तर चोवीस तासांत 360 वॉट-अवर, एक दिवाही न लावता! म्हणून फोन आणि एलईडी दिवे यूएसबीवर, राउटर 12 व्होल्टचा असेल तर तेवढ्याच व्होल्टच्या डीसी केबलवर चालवावा (पिनेचं माप आणि प्लस-मायनस आधी जुळवून), आणि एसी बंद ठेवावं.

खरी कसोटी फ्रिजची. कॉम्प्रेसर चालताना 100 ते 150 वॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तेवढा झटका पेलला नाही, तर यंत्र ट्रिप होतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्याचा त्रास कमी. फ्रिज अखंड लावला तर एक युनिट दिवसभरात संपेल. दार उघडलं नाही तर फ्रिज सुमारे 4 तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. तेव्हा दर तीन-चार तासांनी पाऊण तास फ्रिज चालवावा आणि आत थर्मामीटर ठेवावा. पारा 4 अंशांच्या वर जाऊ लागला की वेळ वाढवावा.

इथे यंत्राचा वीज वाचवणारा इको मोड घात करतो. कॉम्प्रेसर थांबला की भार जवळजवळ शून्य होतो, यंत्राला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ते सॉकेट बंद करतं. मग फ्रिज परत सुरूच होत नाही. फ्रिज जोडताना इको मोड बंदच हवा.

सोबतचं 200 वॉटचं सोलर पॅनेल लख्ख उन्हात 120 ते 150 वॉट देतं, दाट ढगांत जेमतेम 20 ते 40. दोन पॅनेलं सिरीजमध्ये (एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला) जोडली की व्होल्टेजची बेरीज होते आणि थंडीत ते आणखी चढतं. यंत्राची मर्यादा ओलांडली तर चार्जर जळू शकतो. वारा पूर्ण पडेपर्यंत पॅनेल बाहेर काढू नये.

दोन्हीकडे प्लग असलेली केबल लावून घराच्या वायरिंगमध्ये वीज सोडणं कधीच नको. ती उलटी लाइनवर जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

एरवी चार्ज 50 ते 80 टक्क्यांवर ठेवून दर तीन महिन्यांनी तपासावा, वादळाचा इशारा आला की 100 करावा. यंत्र पुराचं पाणी पोहोचणार नाही इतकं उंच ठेवावं. शून्य अंशाखाली चार्जिंग करू नये.

यंत्र घरी आल्यावर पूर्ण चार्ज करा, इको मोड बंद करा, काहीही न जोडता एसी 10 तास चालू ठेवा. चार्ज 10 ते 20 टक्के उतरला तर ठीक. 20 च्या वर गेला, तर परतीची मुदत आहे तोवर बदलून घ्या.