घरच्या मीडसाठी चाखणारी माणसं शोधली, बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू यीस्टचा नाही, कार्बॉयचा (आंबवायच्या मोठ्या बाटलीचा) नाही, माणसांचा आहे. म्हणजे घरी मीड (मधाची वाइन) करणारे लोक शोधायचे, एकमेकांना बाटल्या द्यायच्या, एकत्र बसून चाखायच्या आणि खरं काय ते बोलायचं, हा उद्योग गेले बरेच महिने चालू आहे आणि आता त्यावर बोलण्याइतका अनुभव झालाय. एका ओळीत मत हवं असेल तर समोरासमोर बसून चाखणं दहापैकी नऊ, पार्सलने बाटल्यांची अदलाबदल दहापैकी तीन, तेही दयेपोटी.

गरज का पडली ते वेगळं सांगायला नको. घरच्यांना आणि मित्रांना दिली की सगळे "मस्त झालीये" म्हणतात, फुकट ते पौष्टिक, कोण कशाला नावं ठेवेल. पण घशात जळजळ होतेय म्हणजे आंबताना तापमान चढलं होतं का, सडक्या अंड्याचा वास येतोय म्हणजे यीस्टला नायट्रोजन कमी पडला का, हे विचारणारा माणूस स्वतः मीड करणाराच लागतो. निव्वळ पिणारा असं विचारत नाही.

आता शोधायचे कुठे. फक्त मीडच करणारे लोक इतके कमी असतात की थेट त्यांच्या मागे लागलात तर वर्ष जाईल. मला उपयोग झाला तो शेजारच्या छंदांचा. घरी बिअर करणारे सगळ्यात जास्त भेटतात आणि त्यांच्याकडे दोष ओळखायची भाषा तयार असते, फक्त थोडे दिवस ते प्रत्येक मीडमध्ये बिअर शोधतात, ते सहन करायचं. वाइनवाल्यांना आम्लता आणि टॅनिन (म्हणजे तुरटपणा) छान कळतं. पण माझं ऐकाल तर आधी मधमाश्या पाळणारा एखादा माणूस गाठा. त्याला मीड करता येत नसेल तरी चालेल, मध कुठल्या फुलाचा आहे, तो आधी तापवलाय का, हे तो नुसत्या वासावरून बरंचसं सांगतो, आणि साध्या ट्रॅडिशनल मीडमध्ये (फळं-मसाले न घातलेल्या) लपायला जागाच नसते, मध जसा असेल तशीच मीड.

पद्धत बसायला वेळ लागला. सुरुवातीला जो तो आपली बाटली मोठ्या कौतुकाने उघडायचा, सोबत दहा मिनिटांची कथा, मग सगळे तेच चाखणार जे कथेत ऐकलं. आता बाटल्या कागदात गुंडाळून त्यावर फक्त नंबर. आणि एकच कडक नियम, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. एकाने नुसतं "केळ्याचा वास येतोय" म्हटलं की पुढच्या मिनिटाला सगळ्यांना केळं येतं, हे इतक्या वेळा बघितलंय की आता हसू येतं. यात आपणच कच्चे आहोत असंही नाही. बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिला तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं, २००१ साली छापून आलेला हा प्रयोग बराच प्रसिद्ध आहे. म्हणून फळं घातलेली मीड असेल तर, म्हणजे मेलोमेल, मी वास आधी डोळे मिटून घेते. लोकांना नाटक वाटतं, वाटू दे.

लिहायला बीजेसीपीचा (बिअर-मीडच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारी संस्था) मीडचा स्कोअरशीट वापरतो, ५० गुणांचा. वासाला १०, दिसण्याला ६, चवीला २४ आणि एकूण प्रभावाला १०. गुणांची बेरीज माझ्या मते निरुपयोगी आहे, ३१ की ३४ यावर वाद घालण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवणारे लोक आमच्यात आहेत. पण रकाने भरावे लागतात म्हणून माणूस थांबून वास घेतो, नाहीतर थेट गिळतो. शिवाय करणाऱ्याने आधी जाहीर करायचं असतं की ही ड्राय (गोडवा नसलेली) आहे, सेमी-स्वीट की स्वीट, गॅस आहे की नाही, आणि ताकद हायड्रोमेल (हलकी), स्टँडर्ड की सॅक (कडक). हे कळलं की "मला गोड आवडत नाही" असल्या शेऱ्यांना जागा उरत नाही, गोडच करायची होती, ती नीट जमली का तेवढं सांग.

ओतायचं किती, हा भाग बहुतेक लोक हलक्यात घेतात. हिशोब करा, १४ टक्क्यांच्या सहा मीड आणि प्रत्येकी ६० मिली ओतली तर ३६० मिली झाली, म्हणजे जवळपास अर्धी वाइनची बाटली एका माणसाच्या पोटात, चौथ्या ग्लासानंतरच्या नोट्स वाचून बघा, सगळ्याच मीड "अप्रतिम". आम्ही आता ३० मिलीच ओततो, थुंकायला भांडं ठेवतो, आणि गाडी चालवून कोणी यायचं नाही हे आधीच ठरलेलं असतं. क्रमही महत्त्वाचा, ड्राय आधी, गोड नंतर, कारण गोडाच्या मागून आलेली ड्राय मीड उगाचच आंबट आणि पाणचट लागते, बिचारीचा काही दोष नसतो. आणि फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, गार मीडचा निम्मा वास झोपलेला असतो, दोषही झोपलेले असतात.

गटाचा खरा फायदा मला कळला तो माउस टेंटमुळे. हा दोष नाकाला जवळजवळ लागतच नाही. मीड आम्लधर्मी असते, तोंडात लाळेत मिसळून पीएच वर गेला (आम्लपणा कमी झाला) की मग गिळल्यावर काही सेकंदांनी मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव येते. गंमत म्हणजे काही लोकांना ती अजिबात जाणवत नाही. आमच्यात एका बाटलीवर दोघांनी तोंड वाकडं केलं आणि बाकीचे आणखी मागत होते, ज्याने केली तोही त्या मागणाऱ्यांतच. एकटा असता तर त्याला कधीच कळलं नसतं, तीच भांडी वापरून पुढची बॅचही लावली असती.

आता पार्सल. कागदावर कल्पना भारी आहे, लांबच्या माणसाची बाटली घरी येते. प्रत्यक्षात पहिली अडचण कायद्याची, घरी करणं चालत असलं तरी बऱ्याच ठिकाणी टपालाने दारू पाठवायला बंदी असते, आणि एक पैसा घेतला की ती विक्री झाली, मग वेगळंच लफडं. दुसरी अडचण गरमीची. सेमी-स्वीट मीड, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, यावरून उरलेली साखर कळते) १.०२० ला थांबलेली, करणाऱ्याला वाटतं झालं काम, पण स्टॅबिलाइझ केलेली नसेल, म्हणजे यीस्ट पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काही घातलेलं नसेल, तर यीस्ट फक्त झोपलेलं असतं, ईसी-१११८ सारखं दमदार वाइन यीस्ट असेल तर ते १८ टक्के अल्कोहोलपर्यंत जाऊ शकतं. वाटेत ऊब मिळाली की पुन्हा सुरू. ग्रॅव्हिटी ०.००४ ने जरी उतरली तरी बाटलीत साधारण बिअरइतका गॅस होतो आणि साध्या वाइनच्या बाटलीचं बूच त्यासाठी नसतं. माझ्याकडे आलेल्या एका पार्सलमध्ये बूच एकीकडे आणि मीड पुठ्ठ्यात अशी अवस्था होती, खोका उचलताना काच फुटली असती तर काय, या विचाराने मी तो प्रकारच सोडला. तुम्हाला करायचंच असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट दोन्ही घातलंय का हे विचारा, नुसत्या सॉर्बेटवर विसंबू नका, ते यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही.

समोरासमोर देतानाही बाटलीसोबत चिठ्ठी मागा. मध कुठला, यीस्ट कुठलं, सुरुवातीची आणि शेवटची ग्रॅव्हिटी, बाटलीत कधी भरली, सल्फाइट आहे का, सुकामेवा किंवा मसाला घातलाय का. ही चिठ्ठी चाखून झाल्यावरच वाचायची, अॅलर्जीचं तेवढं आधी विचारायचं. ३७५ मिलीच्या बाटल्या पुरतात, मोठी उघडली की संपवावीशी वाटते.

तक्रारी आहेतच. एक जण दर वेळी येतो, सगळ्यांची चाखतो, स्वतःची "अजून तयार नाही". एकाला काहीही दिलं तरी "आणखी वर्षभर ठेव" एवढंच सुचतं, जे बरेचदा खरंही असतं म्हणून जास्त राग येतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक बॅचची एक बाटली मागे ठेवून काही महिन्यांनी पुन्हा न सांगता रांगेत घुसवतो, जुन्या नोट्स शेजारी ठेवून बघतो, आणि तिखट म्हणून बाजूला सारलेल्या काही मीडना दुसऱ्यांदा चांगले शेरे मिळालेत. काही मात्र जशाच्या तशा वाईट निघाल्या, वयाने सगळं सुधारत नाही.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो विकतच्या बाटलीवरून. माझं म्हणणं, दर वेळी एक विकतची मीड गुपचूप रांगेत असावी म्हणजे गुणांना काहीतरी आधार राहतो. दोघांना ते अपमानास्पद वाटतं. मी पुढच्या वेळी विचारणार नाहीये, सरळ गुंडाळून नंबर टाकणार आहे.