खजिन्यात पुस्तक ठेवायचं, पण कोणतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या (डी अँड डी) टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळातला नेहमीचा प्रसंग. ड्रॅगन मेला आणि पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, नाण्यांच्या ढिगावर तुटून पडली. ढिगात एक जाडजूड, चामडी बांधणीचं पुस्तक. जादूचं आहे म्हटलं की लगेच "काय देतं?" आणि नाही म्हटलं की "विकून टाकू." माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मी चालवलेल्या पहिल्या लांबलचक गोष्टीत, अशाच एका ग्रंथाचा मी दोन पानं भरून इतिहास लिहिला होता. रूलबुकात साध्या पुस्तकाची किंमत 25 गोल्ड, म्हणजे सोन्याची नाणी. पार्टीने पुढच्याच गावात ते निम्म्या भावाने फुंकून टाकलं. चूक माझीच होती. तलवार हातात घेतली की चालते, पुस्तकाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि माझ्या त्या कॅम्पेनमध्ये कुणाला श्वास घ्यायलाही उसंत नव्हती.

म्हणून आता पुस्तक निवडताना मी आधी हेच बघते, की आपल्या गोष्टीत दोन मोहिमांच्या मधले दिवस जातात कसे, आणि मुळात असतात का.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत सगळ्यात भाव खाणारी पुस्तकं म्हणजे गुण वाढवणारी. ताकदीचं वेगळं, चपळाईचं वेगळं, बुद्धीचं वेगळं, अशी सहा. सहा दिवसांच्या आत 48 तास वाचा, सांगितल्याप्रमाणे सराव करा, की तो गुण 2 ने वाढतो आणि त्याची कमाल मर्यादाही 2 ने सरकते. खेळाडू जाम खूश. डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या, हाती मात्र "आम्ही सहा दिवस सराईत थांबतो" एवढं एक वाक्य लागतं. जुना आकडा खोडला, नवा लिहिला, संपलं.

त्या नियमात आणखी एक ओळ आहे, जी बहुतेक जण वाचून सोडून देतात: वाचून झालं की पुस्तकाची जादू जाते आणि शंभर वर्षांनी परत येते. खरा माल तिथे आहे. पुस्तक सापडू द्या, पण विझलेलं. शेवटच्या पानावर मागच्या वाचकाची सही आणि तारीख. हिशेब केला तर जादू परतायला अजून अकरा दिवस. आणि तो वाचक शेकडो वर्षं जगणारा एल्फ असेल, तर शंभर वर्षं म्हणजे त्याला काहीच नाही. तोही तारीख लक्षात ठेवून निघालेला असणार.

दुसऱ्याच्या स्पेलबुकाचं, म्हणजे मंत्रांच्या वहीचं, गणित वेगळं, आणि माझं मत उघडउघड त्याच्या बाजूने. प्रत्येक विझर्डची, म्हणजे वहीतून मंत्र शिकणाऱ्या जादूगाराची, टिपणं लिहायची पद्धत स्वतःची असते, त्यामुळे दुसऱ्याचं बाड उलगडून आपल्या वहीत उतरवावं लागतं. मंत्राच्या दर लेव्हलला 2 तास आणि 50 गोल्ड. फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र तिसऱ्या लेव्हलचा, म्हणजे 6 तास आणि 150 गोल्डची शाई-सामग्री. एवढा वेळ धावत्या कॅम्पेनमध्येही निघतो, वर लुटीतले पैसेही मार्गी लागतात. शिवाय मंत्रांच्या यादीतून लिहिणारा माणूस दिसतो. समजा यादीत अलार्म (कुणी आलं की इशारा), आर्केन लॉक (दाराला जादूचं कुलूप) आणि नॉनडिटेक्शन (जादूने माग लागू नये म्हणून) एवढंच आहे. हा गृहस्थ कुणाला इतका भीत होता? हा प्रश्न टेबलावरचं कुणीतरी आपणहून विचारतं, डीएमला इतिहास ऐकवावा लागत नाही.

अडचण एकच: पार्टीत विझर्ड नसेल तर ते रद्दीच. मग समास कामाला लावायचा. मी एकदा समासातल्या टिपांचा कागद मोडीत लिहून टेबलावर ठेवला. एका खेळाडूच्या आजोबांना मोडी वाचता येत होती. त्याने त्यांना कागदाचा फोटो पाठवला आणि पुढच्या सेशनला ऐटीत येऊन सांगितलं, "विहिरीकडचं दार खोटं आहे." त्या कागदाला कुणी विकायचं नाव काढलं नाही. फॉरगॉटन रेल्म्स या डी अँड डीच्या तयार जगात खेळत असाल तर आणखी एक सोय आहे. कँडलकीपच्या ग्रंथालयात शिरायला त्यांच्याकडे नसलेलं पुस्तक भेट द्यावं लागतं. न वाचताही पुस्तक किल्लीसारखं वापरता येतं ते असं.

कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळातली पुस्तकं याच्या बरोबर उलटी. ती वाचायला आठवडेच्या आठवडे जातात, मंत्र आणि माहिती मिळते, पण सॅनिटी, म्हणजे पात्राचं मानसिक संतुलन, घटते. वर सॅनिटीची कमाल 99 वजा तुमचं मिथॉसचं, म्हणजे त्या जगातल्या भयानक गुपितांचं, ज्ञान. ज्ञान 20 झालं की सॅनिटी 79 च्या वर कधीच जात नाही. हे डी अँड डीत उचलून आणायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण वीरश्रीच्या खेळात खेळाडू अशा पुस्तकाला सरळ शाप समजून जाळून टाकतात. टेबलाला भीतीची चव असेल तरच आणा.

आर्स मॅजिका या जादूगारांच्या खेळात तर पुस्तकं हीच दौलत. तिथे वर्षाचे चार ऋतू मोजतात आणि एक अख्खा ऋतू एका ग्रंथावर घालवतात. छोटा प्रबंध एका वाचकाला एकदाच उपयोगी पडतो, त्यामुळे वाचून झालेली पुस्तकं शेजारच्या जादूगारांशी अदलाबदलीला जातात आणि त्यावरून भांडणंही होतात. फार सुंदर व्यवस्था, पण वर्षानुवर्षांचा पट हवा. महिन्यातून एका रविवारी चार तास जमणाऱ्या ग्रुपला ती झेपत नाही.

अशा ग्रुपसाठी मी स्पेलबुकच घेईन. त्यात तीनच मंत्र, एक फाडलेलं पान, आणि समासात दोन वेगवेगळी हस्ताक्षरं. दुसरं अक्षर कुणाचं ते मी आधी ठरवत नाही. पार्टी ज्याच्यावर संशय घेईल, त्याचं.